किनवटचे सागवान आणि अनंतराव भालेराव

पैनगंगेच्या काठाकाठाने नांदेड जिल्हा जेथे ईशान्येकडे सरकत जातो आणि एका अंगाला यवतमाळ व दुसऱ्या अंगाला आदिलाबाद अशा दोन मुलखांच्या मध्ये शिरल्यासारखा दिसतो, तेथे किनवटचा तालुका आहे. माहूरच्या रेणुकेचा भक्त, उनकेश्वरच्या ऊन पाण्याच्या कुंडात स्नानास येणारा व्याधिग्रस्त आणि सहस्रकुंडाचा धबधबा पाहण्यासाठी पावसाळ्यात वाट वाकडी करणारा हौशी प्रवासी यांच्याखेरीज बाहेरच्या मराठी माणसाने या भागाची वास्तपुस्त फारशी कधी केली नाही. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी आगगाडी किनवटवरून जाते खरी. परंतु गाडी जाते म्हणून राज्यकर्त्यांचे लक्षही जाते, असा काही नियम नाही. अशा या कोपऱ्यातील साग तोडला जातो, त्याच्या व्यवहाराविषयी सुमारे चारशे किलोमीटर दूर असलेल्या औरंगाबादचे एक वृत्तपत्र निःशंकपणे लिहिते, आणि त्या लिखाणापायी त्याच्या संपादकाला तुरुंगाचा दरवाजा ओलांडावा लागतो, ही मराठी पत्रकारितेतील एक ठळक घटना आहे. त्या वृत्तपत्राचे नाव ‘मराठवाडा’ आणि संपादकाचे नाव अनंत काशिनाथ भालेराव.

अनंतरावांचे स्थान ओळखण्यासाठी एक दूरचा दाखला उपयोगी पडेल. अमेरिकेत नियतकालिकांतून लेख लिहीत लिहीत ग्रंथकार झालेल्या माणसांची एक स्वतंत्र परंपरा आहे. कल्पित काही रचावयाचे नाही, जे घडले तेच दफ्तरे चाळून, माणसांना भेटून, पुन्हापुन्हा पडताळून लिहावयाचे, ते प्रथम मासिकात वा साप्ताहिकात प्रसिद्ध करावयाचे आणि मग त्याचा ग्रंथ करावयाचा, हा त्यांचा शिरस्ता. तेलसम्राटांच्या मक्तेदारीचा इतिहास लिहिणाऱ्या आयडा टार्बेल, हिरोशिमाच्या सहा रहिवाशांची हकीकत सांगणारे जॉन हर्सी, कीटकनाशकांच्या विषाचा हिशेब मांडणाऱ्या रेचेल कार्सन ही सर्व याच परंपरेतील मंडळी. आपल्याकडे या कुळीचा लेखक शोधू गेल्यास तो संपन्न मासिकाच्या कचेरीत क्वचितच आढळतो. तो आढळतो जिल्ह्याच्या गावी, छापखान्याच्या खडखडाटात, अग्रलेखाचा अखेरचा परिच्छेद खिळे जुळवणाऱ्याच्या हाती देताना, आणि त्याच वेळी दाराशी आलेल्या एखाद्या खेडुताचे गाऱ्हाणे उभ्याउभ्या ऐकून घेताना. अनंतराव हे या देशी कुळीचे उत्तम उदाहरण होत.

निजामी अंमलातील लेखणी

अनंतरावांचा जन्म १४ नोव्हेंबर १९१९ रोजी औरंगाबाद जिल्ह्याच्या वैजापूर तालुक्यातील खंडाळा येथे झाला. ज्या राज्यात ते जन्मास आले त्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी प्रजा बहुसंख्य असूनही दरबाराची, न्यायकचेरीची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच ज्ञानदान करी. जाहीर सभा भरवावयाची तर आगाऊ इजाजत घ्यावी लागे, आणि ‘गश्ती निशान ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकाने व्याख्यानापासून वाचनालयाच्या वार्षिकोत्सवापर्यंत प्रत्येक गोष्टीवर अंमलदारांची करडी नजर बसविली होती. अशा राज्यात स्वतंत्र बाण्याचे मराठी वृत्तपत्र काढणे म्हणजे जप्तीला आमंत्रण देणेच होते.

म्हणून ‘मराठवाडा’ या साप्ताहिकाचा जन्म मराठवाड्यात न होता १९३७ साली पुण्यास झाला. त्याचे संस्थापक आ. कृ. वाघमारे हे मोठे जिद्दीचे गृहस्थ. पत्र ब्रिटिश हद्दीत छापावयाचे आणि निजामाच्या हद्दीत वाटावयाचे, सरकारने एका नावावर बंदी घातली की दुसरे नाव धारण करून पुन्हा प्रकट व्हावयाचे, असा लपंडाव त्यांनी कित्येक वर्षे चालविला. सरहद्दीवरून हे अंक आत आणणे हेही एक राजकीय कार्यच होते. टपाल रोखले जाई, झडत्या होत, आणि एकेक अंक हातोहाती फिरून अनेकांकडून वाचला जाई. ज्या पत्राचे वाचक ते वाचण्यासाठी शिक्षेची जोखीम पत्करतात, त्या पत्राच्या संपादकाच्या खुर्चीत पुढे बसणाऱ्याला वाचकाविषयी बेपर्वाई परवडत नाही. अनंतरावांनी हा वारसा कधी विसरू दिला नाही.

त्यांचे स्वतःचे तारुण्य हैदराबाद मुक्तिसंग्रामात गेले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या जन्मापूर्वीच बंदी आली, त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी विद्यार्थ्यांचे आंदोलन उभे राहिले, आणि हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत व पुढे अंबाजोगाईस शिक्षक असलेल्या स्वामी रामानंद तीर्थांच्या भोवती तरुण कार्यकर्त्यांची एक पिढी जमली. अनंतराव या पिढीतले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी उर्वरित देश स्वतंत्र झाला, तेव्हा हैदराबादची प्रजा मात्र निजामाच्या ताब्यात राहिली. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी खेडोपाडी दहशत बसविली. सरहद्दीवरच्या छावण्यांतून कार्यकर्त्यांनी प्रतिकार चालविला. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर लढ्याच्या निधीसाठी धाडसी छापा पडला. आणि अखेर १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईने आसफजाही राजवट संपुष्टात आली. हा सर्व काळ अनंतरावांनी कार्यकर्ता म्हणून अनुभवला. पत्रकारितेत ते आले ते नोकरीच्या शोधात आलेल्या पदवीधराप्रमाणे आले नाहीत. एक लढा संपला, त्याचे पुढचे काम लेखणीने करावयाचे, या भावनेने आले. १९५० नंतरच्या दशकात ‘मराठवाडा’ची संपादकीय धुरा त्यांच्याकडे आली, १९६८ साली ते पत्र दैनिक झाले, आणि त्यांचे व पत्राचे नाव लोकांच्या तोंडी एकजीव होऊन गेले.

सागाचे झाड आणि कागदाचा प्रवास

किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. भाषावार प्रांतरचनेत मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, तेव्हा आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे दोन तालुके तोडून नांदेडला जोडण्यात आले. राजुरा पुढे चांद्याकडे गेला, किनवट नांदेडकडे राहिला. आज स्वतंत्र तालुका असलेले माहूरही तेव्हा किनवटातच होते. गोंड, कोलाम, परधान आणि आंध या आदिवासींचा आणि बंजारा तांड्यांचा हा प्रदेश. याच आदिलाबाद जिल्ह्यात जंगलातील जमिनीच्या हक्कासाठी लढणारा गोंडांचा पुढारी कुमराम भीम १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीस बळी पडला होता, आणि त्या उठावाची कारणे समजून घेण्यासाठी निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञास पाचारण केले होते. जंगल खाते आणि जंगलात राहणारा माणूस यांच्यातला तंटा किनवटकरांना अशा रीतीने पूर्वीच्या राजवटीकडून वारशानेच मिळाला. राजवट बदलली, खात्याचे नाव बदलले, तरी नाक्यावरच्या शिपायासमोर आदिवासीच्या उभे राहण्याची रीत एकदम बदलली नाही.

या तंट्याच्या मुळाशी जे झाड आहे ते जरा जवळून पाहणे इष्ट ठरेल. साग सावकाश वाढतो. इमारतीच्या कामास येईल असा सरळसोट बुंधा तयार व्हावयास माणसाचे अवघे आयुष्य खर्ची पडते. पाने सुपाएवढी, खरखरीत. कोवळे पान तळहातावर चुरडले तर तांबडा रंग उतरतो. लाकडात तेलाचा अंश असल्याने वाळवी सहसा लागत नाही आणि पाण्यानेही ते लवकर कुजत नाही, म्हणून वाड्याच्या तुळईपासून जहाजाच्या फळीपर्यंत त्याला मागणी. हे झाड उभे असते तेव्हा त्याची किंमत त्याच्या सावलीत राहणाऱ्यास कळत नाही, आणि ते आडवे झाले की ती किंमत ठेकेदारास पैशापर्यंत कळते. साऱ्या गैरव्यवहाराचे बीज या अंतरात आहे.

सरकारी जंगल हे काही कोणी वाटेल तेव्हा तोडावे असे नसते. जंगलाचे विभाग पाडून त्यांना कूप म्हणतात. ठरल्या वर्षी ठरल्या कूपातील झाडे मोजली जातात, त्यांवर क्रमांक पडतात, आणि तोडीचा लिलाव होतो. तोडावयाच्या झाडाच्या बुडाशी खात्याच्या हातोड्याचा ठसा उमटवितात, जेणेकरून ओंडका निघून गेला तरी मागे राहिलेल्या खुंटावर तो ठसा साक्षीस राहील. ओंडक्यावरही ठसा हवा. त्याची लांबी आणि घेर नोंदवहीत हवा. आणि गाडी नाक्यावर आली म्हणजे वाहतुकीचा परवाना दाखवावयास हवा. खुंट, ओंडका आणि कागद या तिघांचा मेळ बसला तर व्यवहार चोख. तिघांपैकी एकाने दगा दिला तर चोरी.

यात दुसरी गुंतागुंत मालकीच्या झाडांची. आदिवासीच्या किंवा अन्य शेतकऱ्याच्या खातेजमिनीत साग असला तर तो परवानगीने तोडून विकता येतो. निरक्षर खातेदाराला चार रुपये देऊन कागदावर अंगठा घ्यावयाचा, त्याची उभी झाडे कवडीमोलाने पदरात पाडून घ्यावयाची, आणि मालकीच्या दहा झाडांच्या परवान्याखाली शेजारच्या सरकारी जंगलातली आणखी काही झाडे खपवून द्यावयाची, ही लबाडीची वाट जंगलपट्ट्यात सर्वत्र परिचित आहे. या प्रकाराची दखल अखेर विधिमंडळासही घ्यावी लागली: अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या झाडांची विक्री नियंत्रित करणारा कायदा महाराष्ट्रात १९६९ साली झाला, आणि आदिवासीने आपले झाड थेट ठेकेदाराला न विकता ते सरकारमार्फत विकले जावे, अशी तजवीज करण्यात आली.

किनवटच्या सागवानाच्या व्यवहारातील गैरप्रकारांविषयी ‘मराठवाडा’ने जे लिहिले ते कोणत्याही सुरक्षित अंतरावरून लिहिलेले नव्हते, त्याचा रोख थेट राज्याच्या सत्तास्थानाकडे होता. ज्या काळात विदर्भ-मराठवाड्यातील बहुतेक पत्रे सरकारी जाहिरातींच्या आधारावर श्वास घेत होती, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत सत्ताधारी पक्षाचा पुढारी हाच सहकारी बँकेचा, साखर कारखान्याचा आणि पुष्कळदा शाळेचाही धनी होता, त्या काळात मंत्रालयातील माणसाचे नाव जंगलतोडीच्या संदर्भात घेण्यास निराळे काळीज लागे. परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. बदनामीची फौजदारी फिर्याद दाखल झाली, खटला चालला, न्यायालयाने निकाल संपादकाच्या विरुद्ध दिला आणि अनंतरावांना कारावासाची शिक्षा झाली. निजामाच्या विरुद्ध लढलेल्या कार्यकर्त्याने स्वराज्यात, स्वकीयांच्या कायद्याखाली, एका झाडाच्या निमित्ताने तुरुंगात जावे, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

दोन देश, दोन कायदे

कायद्याचे कलम येथे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण त्याविना या शिक्षेचा अर्थ लागत नाही. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेत बदनामीची व्याख्या ४९९ व्या कलमात आणि शिक्षा ५०० व्या कलमात होती. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची, किंवा दंडाची, किंवा दोन्हींची. व्याख्येस दहा अपवाद जोडलेले होते आणि त्यांतील पहिला सत्याचा. परंतु आपले विधान खरे आहे एवढे सिद्ध करून लेखक सुटत नसे. ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते हेही त्याला दाखवावे लागे, आणि शाबितीचा भार त्याच्याच शिरावर असे. आता जंगलातील गैरव्यवहार न्यायालयात शाबीत करावयाचा म्हणजे काय, याचा विचार करावा. खुंट एव्हाना पावसाने कुजलेला. ओंडका मुंबईच्या किंवा हैदराबादच्या वखारीत कापून फळ्या झालेला. नोंदवही ज्या खात्यावर आरोप त्याच खात्याच्या कपाटात. आणि साक्षीदार म्हणजे ज्याला उद्या त्याच रखवालदाराच्या हद्दीत सरपण गोळा करावयाचे आहे असा एखादा कोलाम. संपादकाची खात्री आणि न्यायालयाचा पुरावा यांच्यामध्ये जी दरी असते ती अशी आहे. न्यायाधीश पुराव्याने बांधलेला असतो, त्यामुळे निकालाला दोष देण्याचे प्रयोजन नाही. विचार करावयाचा तो अशा कायद्याच्या छायेत पत्रकाराने काय करावे याचा.

अमेरिकेत हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहराच्या सुलिव्हन नामक अधिकाऱ्याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’वर बदनामीचा दावा लावून पाच लाख डॉलरांची भरपाई मिळविली होती, कारण त्या पत्रातील एका जाहिरातीत नागरी हक्कांच्या चळवळीवर झालेल्या अन्यायाचे वर्णन करताना तपशिलाच्या काही चुका राहिल्या होत्या. ९ मार्च १९६४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि असा दंडक घालून दिला की सार्वजनिक अधिकाऱ्याने त्याच्या कामाविषयीच्या लिखाणाबद्दल भरपाई मागावयाची असेल, तर लेखकाने ते विधान खोटे असल्याचे जाणून किंवा त्याच्या खरेखोटेपणाची बेफिकिरी करून केले, हे त्या अधिकाऱ्याने सिद्ध केले पाहिजे. म्हणजे शाबितीचा भार लेखकाच्या शिरावरून उतरून अधिकाऱ्याच्या शिरावर गेला. आपल्याकडे मात्र फौजदारी बदनामीचे कलम २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनासंमत ठरविले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३५६ क्रमांकाने कायम आहे.

आयडा टार्बेलची हकीकत याच्याशी ताडून पाहण्याजोगी आहे. १८५७ साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या या बाईचे वडील तेलाच्या व्यवसायातले. रॉकफेलरच्या कंपनीने रेल्वेशी संगनमत करून लहान व्यावसायिकांना कसे चिरडले, हे तिने बालपणी घरातच पाहिले होते. पुढे ‘मॅक्क्लूअर्स’ मासिकाने तिला पगार देऊन या विषयाच्या शोधास बसविले. तिने न्यायालयांची दफ्तरे, चौकशी समित्यांचे अहवाल आणि जुनी कागदपत्रे उकरली. १९०२ पासून लेखमाला प्रसिद्ध होऊ लागली, १९०४ साली तिचा ग्रंथ झाला, आणि १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीचे विभाजन करण्याचा हुकूम दिला. तिच्यामागे धनाढ्य मासिक होते, लाखो वाचक होते, आणि वर्षानुवर्षे एकाच विषयात बुडून राहण्याची सवड होती. अनंतरावांपाशी यांतले काहीही नव्हते. अंक वेळेवर काढावयाचा, कागदाची उधारी फेडावयाची, वार्ताहराच्या पोस्टकार्डावरील चार ओळींवरून बातमीचे गांभीर्य ओळखावयाचे, आणि त्यातूनच किनवटच्या जंगलाचा पाठपुरावा करावयाचा, अशी ही पत्रकारिता होती. टार्बेलच्या ग्रंथाने एक कंपनी फुटली. अनंतरावांच्या लेखांपायी स्वतः अनंतरावच कैदेत गेले. परंतु परिणामाच्या मापाने दोघांची तुलना करणे अन्यायाचे होईल, कारण एकीला ज्या संस्थांचा आधार मिळाला त्या दुसऱ्याला मिळाल्या नाहीत, आणि तरीही त्याने तीच वाट धरली.

वृत्तपत्रातून ग्रंथाकडे

वृत्तपत्रातील लिखाण दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, हे संपादकाइतके कोणास ठाऊक नसते. अनंतरावांचे वैशिष्ट्य हे की त्यांनी या क्षणभंगुर लिखाणातून टिकाऊ ग्रंथ उभे केले. ‘मांदियाळी’मध्ये त्यांनी पाहिलेल्या माणसांची व्यक्तिचित्रे आहेत, ‘पेटलेले दिवस’मध्ये मुक्तिसंग्रामाच्या काळाच्या आठवणी आहेत, ‘कावड’, ‘पळस गेला कोकणा’ ही पुस्तके त्यांच्या ललित व वैचारिक लेखणीची साक्ष देतात, आणि ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा १९८७ सालचा बृहद्ग्रंथ हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य. हा ग्रंथ हातात घेतल्यावर वाचकाच्या ध्यानात येते ते हे, की लेखक स्वतः त्या लढ्यातला शिपाई असूनही त्याने आत्मचरित्र लिहिलेले नाही. त्याने इतिहास लिहिला आहे. आणि जो इतिहासकार स्वतः घटनेच्या आत होता, त्याने स्वतःला पानाच्या कडेला उभे करून इतरांना मध्यभागी आणावे, हा संयम सोपा नाही.

या ग्रंथाची निकड अमेरिकन वाचकाला कळणार नाही इतकी स्थानिक आहे. मराठवाड्याचा स्वातंत्र्यलढा उर्वरित महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ दोन परिच्छेदांत आटोपत असे. १९४२ च्या आंदोलनाविषयी पुण्या-साताऱ्याकडे पुस्तकांमागून पुस्तके निघाली. पण १९४६ साली बिलोलीजवळ अर्जापूर येथे हुतात्मा झालेल्या गोविंदराव पानसऱ्यांचे नाव नांदेड जिल्ह्याच्या बाहेर किती जणांस ठाऊक होते? ज्यांची दप्तरे उर्दूत, ज्यांचे बरेचसे पुढारी खेड्यातले आणि ज्यांचे साक्षीदार एकेक करून काळाच्या पडद्याआड चाललेले, त्या लढ्याचा इतिहास पुढे कोणी तरी लिहील म्हणून वाट पाहणे म्हणजे तो कायमचा गमावणेच होते. वृत्तपत्रकाराने येथे जे केले ते विद्यापीठांना करावयास हवे होते, आणि विद्यापीठच मुळी मराठवाड्याला १९५८ साली मिळाले.

अनंतरावांची भाषा याच मातीतली. वारकरी संस्कारातून आलेली शब्दकळा, निजामी कचेऱ्यांतून मराठीत मुरलेले फारसी-उर्दू शब्द आणि शेतकऱ्याच्या बोलण्यातला ठसका या तिन्हींचा मिलाफ त्यांच्या गद्यात आहे. पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीपुढे मराठवाड्याचा लेखक जेव्हा संकोचून उभा राहत असे, त्या काळात त्यांनी आपल्या मुलखाची बोली अग्रलेखाच्या व्यासपीठावर निर्धास्तपणे नेली. १९७२ चा दुष्काळ, मराठवाडा विकास आंदोलन, रुंदमापी रेल्वेची मागणी, सिंचनाचा अनुशेष, या साऱ्या प्रश्नांना ‘मराठवाडा’ने सातत्याने वाचा फोडली, आणि आणीबाणीच्या काळात संपादकास पुन्हा एकदा तुरुंगवास भोगावा लागला. निजामाच्या राजवटीशी, बदनामीच्या कायद्याशी आणि आणीबाणीशी असे तिन्ही प्रकारचे दोन हात केलेले संपादक मराठीत थोडेच.

जमेची आणि खर्चाची बाजू

थोर माणसाच्या चरित्रात खर्चाची बाजू लपविणारा लेखक त्या माणसावर उपकार करीत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे पेटविली गेली, आणि नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची निर्घृण हत्या झाली. अनंतराव आणि त्यांचे पत्र नामांतराच्या विरोधात उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद प्रादेशिक अस्मितेचा होता, निजामाशी झालेल्या लढ्यातून मिळालेले ‘मराठवाडा’ हे नाव लोकांनी कमावले आहे असा होता, आणि हिंसेचे समर्थन हा त्याचा भाग नव्हता, हे मान्य केले तरी प्रश्न उरतोच. किनवटच्या कोलामाचा एक साग ज्या संपादकाच्या नजरेतून सुटला नाही, त्याला त्या दिवसांत दलित वाचकाच्या मनातील नामांतराचे मोल तितक्याच निकटून दिसावयास हवे होते. ते दिसले नाही; आणि ज्या वाचकवर्गाने एकेकाळी या पत्रावर भरवसा ठेवला होता त्यातील एक मोठा भाग त्यामुळे कायमचा दुरावला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन हा प्रश्न सुटला, तेव्हा तो पाहावयास अनंतराव हयात नव्हते. २६ ऑक्टोबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले होते. त्यांच्या पश्चात ‘मराठवाडा’ दैनिकही फार काळ तग धरू शकले नाही.

या दोन्ही बाजू ताळेबंदात मांडल्यावर निष्कर्ष काय निघतो? अनंतरावांचे थोरपण ते तुरुंगात गेले म्हणून नाही. तुरुंगात गेलेले संपादक आणखीही आहेत. ते थोरपण त्यांच्या निवडीत आहे. औरंगाबादच्या संपादकाने किनवटच्या जंगलाची बातमी न छापली असती तर त्याच्या पत्राचा खप एका अंकानेही घटला नसता, कारण त्या जंगलात राहणारी बहुसंख्य माणसे त्या काळी वृत्तपत्र वाचतच नव्हती. ज्यांच्याकडून वर्गणीचा एक रुपयाही यावयाचा नाही, जे कधी जाहिरात देणार नाहीत, ज्यांना अग्रलेख वाचून दाखवावयासही कोणी नाही, त्यांच्या बाजूने लिहून शिक्षेची जोखीम पत्करणे ही पत्रकारितेची खरी कसोटी होय. नामांतराच्या प्रसंगी त्याच कसोटीस ते उतरले नाहीत, म्हणून ती कसोटी खोटी ठरत नाही. उलट ती किती अवघड आहे हेच त्यावरून कळते.

किनवटकर वाचकास एवढेच सांगावयाचे आहे: आपल्या तालुक्याविषयी चार प्रामाणिक ओळी लिहिल्याबद्दल एक संपादक तुरुंगात गेला होता, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी. गावच्या वाचनालयात ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ आहे की नाही हे एकदा पाहावे, नसल्यास आणवावा; आणि जो स्थानिक वार्ताहर नाक्यावरून रात्री जाणाऱ्या लाकडाच्या गाडीविषयी आजही लिहितो, त्याच्या पाठीशी गावाने उभे राहावे.